आपले नम्र, समस्त रहिवासी

नागपूरच्या जुन्या शहरात राहणाऱ्या मुसलमानाला सरकारी बैठकीचं बोलावणं येतं ते बहुतेक वेळा पोलिस ठाण्यातून. ईद जवळ आली, मोहर्रम आला, गणपती आणि मिलादच्या तारखा लागून पडल्या की शांतता समितीची बैठक लागते. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा-बिस्कीट, तीन-चार हाजी साब, दोन-तीन मंडळांचे अध्यक्ष. ‘आमच्या भागात पहिल्यापासून भाईचारा आहे’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी एकेकदा म्हटलं जातं आणि फोटो काढला जातो. मी या बैठकांना नावं ठेवत नाही, त्या व्हायलाच हव्यात. पण सगळा जन्म मोमिनपुऱ्यात काढल्यावर एक गोष्ट खटकते. आमच्याशी बोलायचं म्हणजे शांततेविषयीच बोलायचं, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. गडर लाइन तुंबली म्हणून आम्हाला कुणी बैठकीला बोलावल्याचं मला आठवत नाही. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: गडर लाइन म्हणजे जमिनीखालून जाणारी सांडपाण्याची वाहिनी.)

म्हणून मग आम्हीच एक समिती केली. समिती म्हटलं की लेटरपॅड, शिक्का, अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष असं काही डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे यातलं काही नाही. नोंदणी नाही, बँकेत खातं नाही. नावावरून पहिल्याच बैठकीत एवढा वाद झाला की नाव ठेवायचंच राहिलं. एकाला नावात ‘मोमिन’ हवं होतं, दुसऱ्याला ‘एकता’. तिसरा म्हणाला, एकता टाकाल तर उद्याच ठाण्यातून फोन येईल, कशाची एकता म्हणून. शेवटी अर्जाच्या तळाशी लिहितो ते ‘आपले नम्र, समस्त रहिवासी’ एवढंच आमचं नाव. यात मोमिनपुऱ्याच्या काही गल्ल्या येतात आणि पलीकडच्या टिमकीतल्या काही. टिमकीत हलबा कोष्टी वस्ती आहे. दोन्हीकडे एकेकाळी माग चालायचे. आमच्यातल्या बऱ्याच घराण्यांचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेकडून सूत आणि माग घेऊनच या मुलखात आले. कोष्टी त्याच्या कितीतरी आधीपासून इथे विणत होते. माग आता बहुतेक गेले. पण आमच्या या गल्ल्यांखालची गडर लाइन एकच आहे, आणि खरं सांगायचं तर आमचं ऐक्य मुख्यतः तिच्यावरच उभं आहे.

भांडणाची सुरुवात मात्र गडरवरून नाही, रस्त्यावरून झाली. नागपुरात गेल्या काही वर्षांत डांबरी रस्ते काढून सिमेंटचे करण्याची मोठी मोहीम चालली. सिमेंटचा रस्ता टिकतो, त्यावर दर पावसाळ्यात खड्डे पडत नाहीत, हे सगळं मान्य. पण जुना थर न खोदता त्याच्याच डोक्यावर नवा थर ओतला की रस्ता वर येतो आणि घर तिथंच राहतं. रुंद रस्त्यांच्या, अंगणं असलेल्या वस्त्यांत याचा त्रास कमी. आमच्याकडे घराचा उंबरठा आणि रस्ता यांच्यात अंगण नावाची गोष्टच नसते. आमच्या गल्लीतल्या हाजी साबांच्या घराला तीन पायऱ्या होत्या. त्यांच्यावर बसून आमच्या दोन पिढ्यांनी पतंगाचा मांजा सुतवला. आता त्यातली अर्धी पायरी उरलीय. टिमकीकडचे एक कोष्टी काका आहेत. त्यांनी एका वाक्यात सगळं मांडलं : “काऊन सर, रस्ता वर चाल्ला अन् घर खाली चाल्लं, आता दोन वर्षानं आमी खिडकीतून येऊ-जाऊ का?”

पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावरचं पाणी घरात. पाणी पायाला लागलं की बायका आधी फ्रीज विटांवर चढवतात, मग गव्हाची कोठी, मग मुलांची दप्तरं. हा क्रम आता सगळ्या घरांना पाठ आहे. ज्याच्याकडे पैसा, तो भरणा टाकून फरशी उंच करून घेतो, दाराशी सिमेंटचा बांध घालतो. त्याचं पाणी शेजारच्याकडे जातं. शेजारी मग त्याच्याहून दोन इंच उंच बांध घालतो. अशा दोन इंचांवरून चुलतभावांमध्ये बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. एकदा पाणी मोमिनांच्या बांधावरून कोष्ट्यांच्या दारात गेलं आणि तिथं जो आवाज चढला, तो ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली. भांडण पाण्याचं होतं. पण दोन नावं वेगवेगळ्या धर्माची असली की पाण्याचं भांडण संध्याकाळपर्यंत कशाचं होईल याचा नेम नसतो. त्या रात्री हाजी साब स्वतः काकांच्या घरी गेले आणि म्हणाले, “भाऊ, आपण दोघंही खड्ड्यात आहोत, खड्ड्यात बसून कशाला भांडायचं?” दुसऱ्या रविवारी पहिली बैठक झाली.

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे अर्ज लिहिण्याचं काम न विचारता माझ्याकडे आलं. मोहल्ल्यात बोलणं हिंदी-उर्दूत, कार्यालयात कागद मराठीत. मधला पूल म्हणजे मी. पण अर्ज लिहिणं मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं, कारण बुजुर्गांची एक अट होती. प्रत्येक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात बख्त बुलंद शाह आलेच पाहिजेत. “सर, पहले ये लिखो के ये शहर किसने बसाया.” त्यांचं म्हणणं खोटं नाही. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी १७०२च्या सुमारास बारा खेडी जोडून नागपूर वसवलं, आणि त्यांनी इस्लाम स्वीकारलेला होता. त्यांचा मुलगा चांद सुलतान याने जुम्मा तलाव बांधला. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून तोच शुक्रवारी तलाव. आज तो गांधीसागर आहे आणि जुम्मा दरवाजा गांधी गेट आहे. हे सगळं मला वर्गात सांगायला आवडतं. पण चेंबर फुटलंय हे कनिष्ठ अभियंत्याला सांगायला तीनशे वर्षांपूर्वीचा राजा कशाला?

यावर आमची बरीच वादावादी झाली. मला हळूहळू कळलं की बुजुर्गांना इतिहास सांगायचा नसतो. आपण इथले आहोत, हे त्यांना आधी नोंदवून ठेवायचं असतं, मग मागायचं असतं. धरमपेठेतला माणूस अर्ज लिहितो तेव्हा तो थेट विषयावर येतो. ‘महोदय, आमच्या गल्लीत तीन दिवसांपासून...’ शहर कुणी वसवलं हे त्याला सांगावं लागत नाही. शेवटी मी एक तोड काढली. बख्त बुलंद शाहांच्या जागी मालमत्ता कराच्या पावत्यांची झेरॉक्स जोडायची. हाजी साबांनी पावत्यांची चळत हातात धरून पाहिली आणि म्हणाले, “ये भी ठीक है. राजा तो टॅक्स लेता ही था.”

भाषेचा एक मुद्दा इथंच सांगून टाकतो. एका कार्यालयात अर्ज वाचून साहेब म्हणाले, “मराठी छान आहे हो तुमची.” मी म्हणालो, पगार त्याचाच घेतो. ते हसले, मीही हसलो, आणि अर्ज तिथंच पडून राहिला. आमची सूचना आम्ही गल्लीच्या तोंडाशी फळ्यावर लावतो ती मराठी आणि उर्दू, दोन्ही लिप्यांत. एका तरुणाने काळजीने विचारलं, उर्दू लावली तर कुणी बोलणार नाही ना? तेव्हा आपल्याच विदर्भातलं उदाहरण कामी आलं. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीसोबत उर्दूत लिहिलेला फलक होता, त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने तो फलक योग्य ठरवला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं त्या निकालात आहे. आमच्या फळ्यावर तर फक्त ‘रविवारी सकाळी दहा वाजता चेंबरची पाहणी’ एवढंच असतं.

आता पाण्याचं. हे काम पुरुषांनी केलेलं नाही, म्हणून ते पुरं झालं. मोहल्ल्यात एक खाला आहेत. शिवणकाम करतात, शाळा चौथीपर्यंत. पावसाळ्यात गल्लीतल्या मुलांना जुलाब लागले तेव्हा सगळे म्हणाले, मौसम खराब आहे. खाला म्हणाल्या, मौसम सगळ्या गल्लीचा एकच आहे, मग आजारी याच बाजूची घरं का? त्यांनी आजारी मुलांची घरं बोटांवर मोजली. ती सगळी एका चेंबरच्या आसपासची निघाली.

नागपूरला पाणी पेंच आणि कन्हान नदीतून येतं, थोडं गोरेवाड्याच्या तलावातून. शुद्धीकरण केंद्रातून निघताना ते स्वच्छच असतं. बिघडतं ते शेवटच्या शंभर फुटांत. नळाला पाणी चालू असेपर्यंत पाइपात दाब असतो, पाइप फुटका असला तरी पाणी आतून बाहेर गळतं. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. पाइप गडर लाइनीच्या जवळून, तुंबलेल्या चेंबरला चिकटून जात असेल, तर काय ओढलं जातं ते लिहायची गरज नाही. म्हणून चोवीस तास पाणी ही चैनीची गोष्ट नाही, पाइप सतत भरलेला ठेवण्याची ती युक्ती आहे. नागपुरात या योजनेचा पहिला प्रयोग धरमपेठेत झाला. तिथून ती जुन्या शहराकडे सरकत यायची होती.

आमच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. एका ओळखीच्या आरोग्यसेविकेने एचटूएसची बाटली दाखवली. लहानशी बाटली, तळाशी औषध. नळाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावून उबदार जागी ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळं पडतं. खालांनी बाटल्या घरोघरी वाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून घराची खूण लिहिली आणि शिलाई मशीनच्या मागच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, सर, या. फळीवरच्या काही बाटल्या स्वच्छ होत्या आणि काही शाईसारख्या काळ्या. काळ्या बाटल्या ज्या घरांच्या, ती घरं खालांनी आधीच बोटांवर मोजलेली होती. टिमकीकडच्या दोन काकू तेव्हा तिथं होत्या. त्यांनी आपापल्या बाटल्या शोधल्या. एकीची काळी होती. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “माझ्या नातवाले हेच पाणी पाजून राहिलो नं बाप्पा आपण.”

त्या बाटल्या आम्ही अर्जासोबत नेल्या. कागदाला पोच मिळते, बाटल्यांना पोच कशी द्यायची असा प्रश्न तिथं पडला. बाटल्या टेबलावर राहिल्या. दहाव्या दिवशी माणसं आली, गल्ली खोदली आणि पाइपाचा तुकडा बदलला. माझे नऊ अर्ज एकीकडे आणि खालांची फळी एकीकडे.

नगरसेवक काय करत होते, असं वाचक विचारतील. नव्हतेच. २०१७च्या निवडणुकीत शहराला १५१ नगरसेवक मिळाले होते, एका प्रभागाला साधारण चार. मार्च २०२२मध्ये त्यांची मुदत संपली आणि प्रशासक आले. पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणूक नव्हती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत राज्यभरातल्या महापालिका अडकल्या होत्या. नगरसेवकाला आपण कितीही शिव्या दिल्या तरी तो रात्री अकराला फोन उचलतो, कारण त्याला परत यायचं असतं. प्रशासकाला परत यायचं नसतं, त्याची बदली होते. राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्र सभेची तरतूद आहे, ग्रामसभेसारखी, वस्तीतल्या मतदारांनी एकत्र बसून आपली कामं सांगायची. ही तरतूद मी समितीत वाचून दाखवली तेव्हा सगळ्यांना वाटलं मी नवीन काही शोधून काढलंय. एवढी ती अंधारात आहे.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. तलावाजवळच्या चांगल्या, सुखवस्तू कॉलन्या पाण्यात गेल्या. तिथल्या रहिवाशांनी एकत्र येऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका केली आणि तलावाची सुरक्षा, नदीतले अडथळे यांवर न्यायालयाने सरकारी यंत्रणांना वारंवार जाब विचारला. आमच्याकडे काही जण कडवटपणे म्हणाले, पाणी बंगल्यात शिरलं म्हणून बातमी झाली. मला तसं वाटत नाही. ते बुडाले आणि त्यांनी कागद नीट लावले. त्यांचं पाहून आम्ही तारीखवार वही सुरू केली : अर्ज कधी दिला, पोच कुणी दिली, माहिती अधिकारात काय मागितलं, उत्तर किती दिवसांनी आलं. मत्सर करण्यापेक्षा नक्कल करावी.

मात्र त्यांच्यात आणि आमच्यात एक फरक आहे, तो वहीनं भरून निघत नाही. त्यांची वस्ती पूरग्रस्त झाली. आमची वस्ती काहीही झाली तरी आधी ‘संवेदनशील’ असते. एप्रिल २०२०मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा कोविडचे हॉटस्पॉट ठरले. गल्ल्या पत्र्यांनी बंद झाल्या, शेकडो लोकांना विलगीकरणात नेलं गेलं. रोग पसरत होता, कडक उपाय लागणारच होते. पण एका खोलीत सात माणसं आणि सामाईक संडास असलेल्या वस्तीत अंतर पाळायचं कसं, हा प्रश्न मुळात घरबांधणीचा आणि गडरचा होता. तो जमातीचा होऊन गेला. पत्रे निघाले, पण शिक्का निघायला वेळ लागला. वर्षभर काही ठिकाणी आमचा पत्ता ऐकून कामाला नाही म्हणत होते.

आणि मग १७ मार्च २०२५. रमजानचा महिना. औरंगजेबाच्या कबरीवरून दिवसा आंदोलन झालं, जाळलेल्या चादरीवर आयती होत्या अशी अफवा पसरली आणि संध्याकाळी महालात, रात्री हंसापुरीत दगडफेक, जाळपोळ झाली. ११ पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. ज्यांनी दगड उचलला त्यांच्याबद्दल मला काही बोलायचं नाही, ते कायद्यानं पाहावं. मला सांगायचंय ते त्या दिवसांतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल. हा ग्रुप गडरसाठी काढलेला. त्यावर फुटक्या चेंबरचे फोटो असायचे. त्या रात्रीपासून त्यावर वेगळेच निरोप यायला लागले. अमुक काकांचं इन्सुलिन संपलंय. एका घरी बाळंतीण आहे, दूध नाही. अमक्या गल्लीत कुणी आलेलं नाही, अफवा आहे, मी स्वतः गच्चीवरून पाहतोय. टिमकीकडचा माणूस टिमकीची खबर देत होता, आम्ही आमची. कुणी भाईचाऱ्याचा मेसेज टाकला नाही. वर्षभर एकमेकांचे चेंबर मोजलेले असल्यामुळे कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे ठाऊक होतं. तेवढ्यावर निभावलं.

पुढच्याच आठवड्यात, २४ मार्चला, दंगलीतल्या एका आरोपीच्या कुटुंबाचं घर महापालिकेनं पाडलं. नोटीस दिल्यावर तीन-चार दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्येच सांगितलं होतं की पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस हवी. नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी कारवाईला स्थगिती दिली, तोवर ते घर पडलेलं होतं. पुढे आयुक्तांनी न्यायालयात बिनशर्त माफी मागितली. आमच्या समितीत यावर फार बोलणं झालं नाही. फक्त त्या महिन्यात घराचे नकाशे, मंजुऱ्या, जुन्या पावत्या यांच्या झेरॉक्स काढायला इतके लोक आले की दुकानदाराचा कागद संपला. जी माणसं वर्षभर ‘अर्जाने काय होतं’ म्हणत होती, तीही रांगेत होती. कागद लागतो, हे माणूस हौसेनं शिकत नाही.

मोहल्ला कमिटी हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मोहल्ल्या-मोहल्ल्यांत अशा समित्या केल्या, आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईनेही नंतर तो धडा घेतला. माझ्या मनात त्या कामाबद्दल आदर आहे. दंगल नसताना लोकांनी भेटत राहायचं, ही त्यातली खरी हुशारी. पण भेटायचं कशासाठी? शांततेसाठी म्हणून बोलावलं की माणूस आपापल्या धर्माचा प्रतिनिधी बनून, धुतलेले कपडे घालून येतो. चेंबरसाठी येतो तेव्हा लुंगीवर येतो, आणि तो फक्त घर नंबर अमुक असतो. हाजी साबांना माझं हे म्हणणं पटत नाही. त्यांचं मत, दोन्ही समित्या हव्यात, फक्त चहा आपल्या समितीतला चांगला असावा.

आत्तापर्यंत काय मिळालं? पाइपाचा तुकडा. तीन चेंबरची नवी झाकणं, त्यातलं एक पुन्हा फुटलंय. आणि एक लेखी उत्तर, की पुढचा रस्ता करताना ‘जुना थर काढून, घरांच्या जोत्याची पातळी पाहून’ काम केलं जाईल. हे वाक्य खालांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि त्याच्या झेरॉक्स घरोघरी वाटल्या. हाजी साबांची अर्धी पायरी अजून अर्धीच आहे.

या रविवारी आम्ही जोती मोजणार आहोत. कोष्टी काकांच्या मुलाला बांधकामाचं काम येतं, तो पारदर्शक नळी घेऊन येणार आहे, पाणी भरून पातळी पाहायला. आमच्या बाजूनं टेप धरायला दोन पोट्टे ठरलेत. वही खालांकडे. पाऊस नसला तर दहाला सुरुवात, असला तर पाणी उतरल्यावर.